बिननावाची काळी सायक्लोक्रॉस सायकल : चौदा महिन्यांनंतर

सायक्लोक्रॉस म्हणजे चिखल, वाळू, गवतातून सायकल हाणायची शर्यत, आणि ही त्यासाठीची सायकल. कुठल्या कंपनीची ते सांगता येणार नाही. आधीच्या मालकाने फ्रेम काळी रंगवून घेतली आणि नाव रंगाखाली गेलं. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क, कँटिलिव्हर ब्रेक (चाकाच्या कडेला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे, जुन्या पद्धतीचे), पुढे ४६ आणि ३६ दात्यांच्या दोन चकत्या, ३३ मिलिमीटरचे टायर. किंमत ६२० युरो. आईला फोनवर सांगितलं तर कराडहून पहिला प्रश्न आला, "अगं, जुन्या सायकलीला एवढे? आणि मडगार्डपण नाही?"

मडगार्ड नाही. घंटीही नव्हती, ती मी बसवली.

दुकान इथे नेदरलँड्समध्ये, डेन बॉश शहराच्या पलीकडे एका लहानशा गावात आहे. मालक सत्तरीचे. दुकानाचं नाव लिहू नकोस म्हणाले, आहे ते गिऱ्हाईकच झेपत नाही. मी गेले होते रोड सायकल घ्यायला. बारीक टायरची, एका हाताने उचलता येईल अशी. त्यांनी विचारलं, चालवणार कुठे? म्हटलं, आयंडहोवनमध्ये ऑफिसला अकरा किलोमीटर, त्यातले चार माळरानातून, वाळू आणि झाडांच्या मुळांवरून. रविवारी लांब कुठेतरी. वर्षातून एकदा लिम्बुर्गचे चढ. आजोबांनी काढलेली रोड सायकल परत हुकाला अडकवली आणि कोपऱ्यातून ही ओढली. सगळीकडे चालेल, म्हणाले.

मी नाक मुरडलं. आपल्याकडे अष्टपैलू म्हटलं की थोडी बॅटिंग, थोडी बोलिंग आणि सातव्या नंबरवर येऊन पंधरा धावा. तसली सायकल मला नको होती. तेव्हा त्यांनी काउंटरमागच्या फोटोकडे बोट केलं. चिखलाने माखलेली मारियान व्हॉस, डच सायकलपटू. ती याच भागातली. जन्म डेन बॉशचा, वाढली बाबिलोनिएनब्रुक नावाच्या खेड्यात. "हिला सांगा, एकच काहीतरी निवड म्हणून," एवढं बोलून ते टायरमध्ये हवा भरायला लागले.

घरी येऊन वाचत बसले, ते रात्री दीडपर्यंत. २००६ च्या जानेवारीत झेडम इथे सायक्लोक्रॉसची विश्वविजेती, तेव्हा वय अठरा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये साल्झबुर्गला रस्त्यावरची विश्वविजेती. २००८ मध्ये बीजिंगला ट्रॅकवर पॉइंट्स रेसचं ऑलिंपिक सुवर्ण. म्हणजे चिखल, डांबर आणि लाकडी ट्रॅक, तिन्हीकडे अव्वल, आणि एकविशी नुकतीच ओलांडलेली. सायक्लोक्रॉसची विश्वविजेतेपदं एकूण आठ, त्यातली सहा २००९ ते २०१४ अशी ओळीने. आणि याच काळात रस्त्यावर काय? २००७ ते २०११, सलग पाच वर्षं जागतिक स्पर्धेत दुसरी. पाच वर्षं! एखादीने सायकल विहिरीत टाकली असती. ही दर हिवाळ्यात पुन्हा चिखलात उतरत होती.

मग २०१२. मे महिन्यात कॉलरबोन मोडलं, जुलैमध्ये जिरो ही इटलीतली अनेक दिवसांची शर्यत जिंकली, महिनाअखेरीला लंडनच्या पावसात ऑलिंपिक सुवर्ण, आणि सप्टेंबरमध्ये फाल्केनबुर्गला, घरच्या लोकांसमोर, शेवटच्या फेरीत काउबर्गच्या चढावर हल्ला करून ती रुसलेली, रस्त्यावरच्या विश्वविजेतीची जर्सी. लंडनचा तो शेवट मी चारदा पाहिला. रस्त्यावर पाणी, शेवटी तिघीच उरलेल्या, आणि ब्रिटनच्या लिझी आर्मिटस्टेडच्या आधी हिचं चाक रेषेवर. माझं मत असं की ओल्या रस्त्याची भीती तिची फार आधी चिखलात गेली असावी. मत आहे, पुरावा मागू नका.

आता सायकल. सायक्लोक्रॉसला इथे फेल्डरेयडन म्हणतात, शब्दशः शेतातली सवारी, आणि फ्रेम नीट पाहिली की ते पटतं. टायर आणि फ्रेमच्या मध्ये बोट सहज फिरतं. कराडला शाळेत जाताना पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये बसायची, चाक जाम व्हायचं आणि आम्ही मुली बाभळीच्या काडीने ती उकरत बसायचो. इथे उकरायला काही नाही. चिखल येतो आणि जातो. आईला हे सांगितल्यावर मडगार्डचा विषय बंद झाला. वरच्या नळीची खालची बाजू चपटी आहे, कारण शर्यतीत अडथळे आणि पायऱ्या आल्या की सायकल खांद्यावर घेऊन पळायचं असतं. ब्रेक-गिअरच्या केबलीही वरूनच गेल्यात, म्हणजे खांद्याला रुतत नाहीत आणि राडही लागत नाही. मी पळत नाही, पण आमच्या इमारतीची लिफ्ट बंद असते तेव्हा तिसऱ्या मजल्यापर्यंत ही सोय कळते.

टायरची हवा ही खरी गोष्ट. पहिला महिनाभर मी टणक भरत होते आणि वाळूत पुढचं चाक रुतून पडत होते. आजोबांनी अंगठ्याने दाबून दाखवलं: एवढी मऊ. दोन बारच्याही (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) खाली. शर्यतीत त्याहून कमी ठेवतात. आता माळरानात सायकल सरळ जाते, डांबरावर मात्र जरा जड लागते. ते चालतं मला.

ब्रेकबद्दल तक्रार आहे. पावसात कँटिलिव्हर किंचाळतात आणि थांबायचं की नाही याचा विचार करून मग थांबतात. २०१० पर्यंत सायक्लोक्रॉसमध्ये डिस्क ब्रेकला परवानगीच नव्हती, म्हणजे व्हॉसची पहिली विजेतेपदं असल्याच ब्रेकवरची. ऐकायला छान आहे. पण समोर शाळेची पोरं रस्ता ओलांडत असतील तर इतिहास उपयोगाचा नाही. नवीन घेणार असाल तर डिस्कच घ्या. शिवाय फ्रेम लहान असल्याने हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं, दोनदा आपटलेय. बाटलीला जागा एकच, कारण बायकांची शर्यत पन्नासेक मिनिटांची, पाणी प्यायला वेळ कोणाला असतो. आणि शर्यतीत दोन सायकली असतात. एक चिखलाने भरली की पिटमध्ये, म्हणजे वाटेतल्या सायकल बदलायच्या जागी, दुसरी घ्यायची, तोवर मेकॅनिक पहिली धुतो. माझ्याकडे बाल्कनी आणि बादली आहे.

मागच्या मे महिन्यात काउबर्ग केला. चढ बारा टक्क्यांपर्यंत जातो. पुढे ३६, मागे सगळ्यात मोठी चकती २८ ची, त्यामुळे शेवटच्या वळणावर मी उभी राहून, तोंडातून शिव्या देत. एक आजीबाई इलेक्ट्रिक सायकलवरून "शाब्बास" अशा अर्थाचं काहीतरी डचमध्ये म्हणून पुढे गेल्या. तिथे आठवलं की २०१५ चं जवळजवळ सगळं वर्ष दुखापत आणि थकव्यात गेल्यावर लोक व्हॉसचं संपलं म्हणत होते. तिने २०२२ मध्ये अमेरिकेत फेएटव्हिलला आठवं सायक्लोक्रॉस विजेतेपद घेतलं, पहिल्यानंतर सोळा वर्षांनी, ल्युसिंडा ब्रांडला स्प्रिंटमध्ये हरवून. त्याच उन्हाळ्यात बायकांच्या टूर द फ्रान्समध्ये काही दिवस आघाडीवरचीची पिवळी जर्सी. ही टूर व्हावी म्हणून २०१३ मध्ये ज्या चौघींनी मागणी लावून धरली, त्यांत ती स्वतः होती. २०२४ मध्ये, सदतीस वर्षांची असताना, पॅरिस ऑलिंपिकमध्ये रौप्य, आणि दोन महिन्यांनी बेल्जियममध्ये ल्यूव्हनला ग्रॅव्हलचं, म्हणजे खडीच्या रस्त्यांवरचं, विश्वविजेतेपद. सातव्या नंबरच्या बॅट्समनबद्दलचे माझे शब्द मी मागे घेते.

दुकानाची सेवा: विक्रीनंतरचं पहिलं सर्व्हिसिंग फुकट, आणि ते खरंच झालं. आधी शहरातल्या एका मोठ्या दुकानाने माझी जुनी सायकल तीन आठवडे ठेवून साखळी न बदलता बिल दिलं होतं, म्हणून हे मुद्दाम लिहिते. इथे आजोबा समोर बसवून दाखवतात, कॉफी देतात, ती कडू असते. इंग्रजी बेताचं, पण अंगठा आणि भुवया पुरतात. कार्ड चालतं. सोमवारी बंद. जानेवारीत शर्यतींच्या रविवारीही बंद, दारावर पाटी असते. ब्रेकचे पॅड दोन जोड्या आधीच घेऊन ठेवा, चिखलात ते साबणासारखे झिजतात.