बाटल्यांच्या पॉलिऑलचं पफ पॅनेल: खानापूरच्या खव्याच्या खोलीतून

खानापुरात आमचा खव्याचा धंदा आहे. माल बेळगावच्या कुंदा करणाऱ्या हलवायांकडे जातो. खवा नाजूक, जरा ऊब लागली की आंबूस वास आलाच. म्हणून थर्माकोलची जुनी थंड खोली काढून बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका पुरवठादाराकडून ८० मिलिमीटरची पफ पॅनेलं, म्हणजे पॉलियुरेथेनचा घट्ट फोम भरलेली पॅनेलं, बसवून घेतली. हा फोम ज्या द्रवांपासून होतो त्यातलं एक म्हणजे पॉलिऑल, आणि यातलं पॉलिऑल पाण्याच्या वापरलेल्या बाटल्यांपासून केलेलं आहे, असं तो सांगत होता. दर नेहमीच्या पफएवढाच लावला.

माल चांगला आहे, हे आधीच सांगते. आमच्याकडं पावसाळ्यात लाइट गेली की कधी येईल याचा नेम नाही. थर्माकोलच्या खोलीत काटा लगेच चढायला लागायचा, आता दार उघडलं नाही तर खवा घट्टच राहतो. तेवढ्याच जाडीच्या थर्माकोलच्या मानानं पफमधून साधारण दोन तृतीयांशच उष्णता आत येते, त्यामुळं हा फरक पडणारच होता.

पाइपसाठी भोक पाडलं तेव्हा निघालेला गोल तुकडा मी मागून घेतला. फिकट पिवळा, अंगठ्यानं दाबला तर दबत नाही, नखानं खरवडला की बारीक भुकटी निघते. रात्रभर बादलीत सोडला आणि सकाळी मधोमध कापला, तर आत पूर्ण कोरडा. कोल्ड रूमला हेच हवं, कारण पफमध्ये पाणी शिरलं की थंडी धरायचं बळ गेलं. बाटलीचं पॉलिऑल म्हणून हाताला किंवा डोळ्याला काही वेगळं कळत नाही.

आता बाटल्यांविषयी, कारण सगळे तेच विचारतात. लागते ती पेट बाटली, तळाशी त्रिकोणात १ आकडा असलेली. तिचे धुतलेले तुकडे डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये दोनशे अंशांच्या आसपास तापवतात, झिंक ॲसिटेटसारखा उत्प्रेरक घालतात. पेट हे पॉलिस्टर. त्याच्या साखळीतले एस्टरचे जोड ग्लायकॉल तोडतं आणि दाट द्रव पॉलिऑल तयार होतं. आमच्या दुधाच्या पिशव्या यात चालत नाहीत. त्या पॉलिथिनच्या, त्यांच्या साखळीत ग्लायकॉलला तोडता येईल असा जोडच नाही. मला याचं फार वाईट वाटलं, कारण आमच्या गल्लीत कचरा पिशव्यांचाच जास्त.

पण 'बाटल्यांचं पॅनेल' एवढं ऐकून भुलू नका. पफ दोन द्रवांनी होतो, पॉलिऑल आणि आयसो, म्हणजे आयसोसायनेट. वजनानं निम्म्याहून जास्त आयसोच असतं आणि ते पेट्रोलियमपासूनच येतं. पॉलिऑलमध्येही बहुतेक वेळा दुसरं पॉलिऑल मिसळलेलं असतं. मी सरळ विचारलं, "एकूण फोममध्ये बाटली किती?" तो म्हणाला, "ताई, ते कंपनीवाले आम्हाला लिहून देत नाहीत." मग जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापता कसं? हा आकडा गिऱ्हाइकाला कागदावर मिळालाच पाहिजे, मी तो अजून मागतेच आहे.

बाटलीच्या पॉलिऑलचा एक खरा फायदा आहे. पेटमधल्या बेंझिनच्या कड्या त्यात तशाच राहतात, त्यामुळं आगीत फोमवर कोळशाचा थर धरायला मदत होते. तरी पफ जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. वायरिंग पॅनेलवरून पाइपातून न्या, फोममधून उघडी ओढू नका.

फिटिंगवर मात्र मी नाराज आहे. पाइपच्या भोकाभोवती सीलंट नीट भरलं नव्हतं. तिथं घाम धरून थेंब खव्याच्या परातीजवळ पडत होते. कितीदा फोन केले तेव्हा माणूस आला, आणि आल्यावर काम अर्ध्या तासाचं. कापून उरलेले तुकडे परत नेतो म्हणाला होता, ते अजून आमच्या शेडमध्ये पडून आहेत. पफ एकदा घट्ट झाला की वितळवून पुन्हा ओतता येत नाही, भंगारवालाही हात लावत नाही. बाटली निदान त्यानं उचलली असती.

घ्यायचं असेल तर घ्या. जाडी ८० पेक्षा कमी नको, दाराचं गॅस्केट जादा मागून ठेवा, आणि तुकडे परत न्यायची अट बिलावरच लिहून घ्या.