बुडालेली मोटार आधी की जळालेली? अथणीतील एका रिवायंडिंग दुकानाविषयी

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत ज्या दुकानात आमची कृष्णाकाठची गावे पाण्याच्या मोटारी भरायला, म्हणजे आतली तांब्याची तार नव्याने गुंडाळून घ्यायला, आणतात, तिथले काम चोख आहे. तरीही लिहावेसे वाटले ते तिथे पाळी कशी ठरते यासाठी.

कृष्णेला पूर येतो तो महाबळेश्वर-कोयनेच्या पाणलोटातील पावसाने. त्याच वेळी तालुक्याच्या पूर्वेला, तेलसंग-ऐगळीकडे, पावसाने ओढ दिलेली असू शकते. मग सप्तसागर-दरूरच्या काठावरून वेळेत न निघालेल्या, गाळाने भरलेल्या मोटारी आणि बोअरचे पाणी खाली गेल्याने कोरड्या चालून जळालेल्या सबमर्सिबल (बोअरमध्ये सोडायच्या) मोटारी एकाच फरशीवर येऊन पडतात.

बुडालेली मोटार इथे आल्या दिवशीच उघडतात, स्टेटरमधला (तार गुंडाळलेल्या स्थिर भागातला) गाळ धुऊन ती भट्टीत वाळवतात, मेगर हे मापक लावून इन्सुलेशन, म्हणजे तारेवरचे वीजरोधक आवरण, तपासतात आणि ते टिकले असेल तर नवे वायंडिंग गिऱ्हाइकाच्या माथी मारत नाहीत. भरणीची वेळ आली की मात्र पिण्याच्या पाण्याची मोटार आधी आणि उसाची नंतर, असा मालकांचा नियम आहे. यावरून वादावादी होते. "पुरात आमचं गेलं आणि पाळी त्यांची?" असे आमच्याकडचे लोक विचारतात. मला नियम न्याय्य वाटतो, कारण पूर ओसरल्यावर आमच्या रानात वाफसा (मशागतीजोगी ओल) यायलाच बरेच दिवस लागतात, तर तिकडे वस्तीचा एकुलता बोअर बंद पडला की टँकरची वाट पाहावी लागते.

बाकावर बसलेल्यांत कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचा विषय हमखास निघतो. जलसाठ्याची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याच्या प्रस्तावाची, पाणी मागे फुगेल म्हणून, नदीकाठाला धास्ती आहे, तर विजापूरकडच्या गिऱ्हाइकाला त्यातच आपल्या रानाचे पाणी दिसते. उन्हाळ्यात कोयनेतून पाणी सोडण्याची मागणी आणि उपसाबंदी (नदीतून मोटारीने पाणी उपसायला मनाई) यांवरून हेच लोक पुन्हा समोरासमोर येतात. मालक दोघांचेही ऐकून घेतात, पण त्यावरून कोणाची पाळी पुढेमागे करत नाहीत, आणि मी या दुकानाला सर्वाधिक गुण देतो ते यासाठीच.

उणीव अशी की हा नियम कुठेही लिहिलेला नाही. तो कन्नड आणि मराठीत फलकावर लावला, तर वशिल्याचा संशय घेऊन आलेल्या नव्या माणसाशी रोज घालावा लागणारा वाद वाचेल. मोटारीतून काढलेल्या जुन्या तांब्याच्या तारेचे वजनही बिलावर मांडत नाहीत; ते आपल्यासमोर तोलून घ्यावे.