क्राइम अँड पनिशमेंटचं ऑडिओबुक: लिझावेतासाठी तरी शेवटपर्यंत ऐका

कॉलेजात असताना दस्तयेव्हस्कीचं हे पुस्तक मी दुसऱ्या भागातच सोडलं होतं, नावांचा गुंता सुटेना. एकाच माणसाला कुणी रास्कोल्निकोव्ह म्हणतंय, कुणी रोद्या, कुणी रोदिओन रोमानोविच, आणि प्रत्येक वेळी मागची पानं उलटायची. आता कानांनी ऐकलं. कॉन्स्टन्स गार्नेट यांचा १९१४चा इंग्रजी अनुवाद आहे, वीस तासांच्या वरचं रेकॉर्डिंग, सगळं एकच माणूस वाचतो. रोज रात्री तासभर ऐकत संपवलं. पाचपैकी साडेचार स्टार देतेय आणि अर्धा का कापला तेही सांगते.

गोष्ट बहुतेकांना माहीत असतेच. सेंट पीटर्सबर्ग, जुलैचा उकाडा, फी भरता न आल्यानं शिक्षण सुटलेला एक तरुण, रास्कोल्निकोव्ह, आणि वस्तू गहाण ठेवून घेणारी म्हातारी अल्योना इव्हानोव्हना. त्याच्या घरापासून तिच्या घरापर्यंत ७३० पावलं, त्यानं मोजलेली. कोटाच्या आत कुऱ्हाड अडकवायला फास शिवलेला. म्हणजे तयारी सगळी चोख, पण खून झाल्यावर तो जे उचलतो ते अंगणात एका दगडाखाली पुरून टाकतो आणि परत तिकडं फिरकतही नाही. पाकिटात ३१७ रूबल ६० कोपेक होते हे त्याला स्वतःला माहीत नव्हतं, त्यानं ते उघडूनच बघितलं नव्हतं! खटल्यात हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही.

वाचण्यापेक्षा ऐकण्यात काय वेगळं, तर तुम्हाला त्याच्या डोक्यातून बाहेर पडता येत नाही. पुस्तकात नजर पुढं पळते, कंटाळा आला की पान उलटतो, इथं तो तापात बडबडत असतो आणि तुम्ही अंधारात पडून ते सगळं त्याच वेगानं ऐकत असता. दस्तयेव्हस्कीनं ही कादंबरी आधी रास्कोल्निकोव्हच्याच तोंडून, 'मी' म्हणून लिहायला घेतली होती, मग तो खर्डा टाकून देऊन नव्यानं लिहिली, १८६६मध्ये ती मासिकातून क्रमशः आली. तो 'मी' गेला तरी आवाज त्याच्या मानगुटीवरून हलतच नाही, आणि वाचणाऱ्यानं हे बरोबर पकडलंय. कुठंही नाटकी ओरडणं नाही, दाराची कडी हलते तिथं आवाज फक्त थोडा खाली येतो, बस.

खुनाच्या दुसऱ्याच दिवशी त्याला पोलिसांचं बोलावणं येतं. घरमालकिणीची उधारी थकलीय म्हणून, खुनाशी काही संबंध नाही, पण तिथं खुनाचा विषय निघतो आणि हा चक्कर येऊन पडतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. नंतर तर स्वतःच त्या फ्लॅटवर जातो, तिथं डागडुजी चाललीय, भिंतींना नवीन कागद लावतायत, आणि हा दाराची घंटा वाजवतो, परत वाजवतो, पुन्हा वाजवतो, त्या दिवशीचा तोच आवाज अंगावर घेण्यासाठी. हा प्रसंग मी दोनदा लावला. मनाची टोचणी विचारात नसते, आधी शरीरात असते हे इतकं स्पष्ट दुसरीकडं कुठं जाणवलं नव्हतं मला. पश्चात्ताप हा शब्द त्याच्या जवळपासही नाही, पण गुडघे केव्हाच मोडलेत.

आता माझा खरा मुद्दा. या कादंबरीवर बोलताना सगळे त्याच्या थिअरीवर बोलतात, असामान्य माणसांना रक्त सांडायचा हक्क असतो का, नेपोलियन वगैरे. बोलायला हरकत नाही, पण लिझावेताचं काय? म्हातारीची सावत्र बहीण, उंच, बुजरी, दिवसभर राबणारी, मार खाणारी. ती नको तेव्हा घरी येते आणि तो तिलाही मारतो. तिनं डोकं वाचवायला नीट हातसुद्धा वर केला नाही. थिअरीत तिला कुठंच जागा नाही, म्हातारीबद्दल तासन्‌तास वाद घालता येतो, लिझावेताबद्दल एक वाक्यही बोलता येत नाही. तो स्वतःच एकदा म्हणतो की तिची आठवण मला येतच कशी नाही, जणू मी तिला मारलंच नाही.

पण ती येत राहते. मोलकरीण नास्तास्या सहज बोलून जाते की लिझावेतानं तुझा शर्ट शिवून दिला होता, आणि तो भिंतीकडं तोंड करून वॉलपेपरवरच्या फुलाच्या पाकळ्या मोजायला लागतो. हे मी पूर्वी वाचलेल्या भागातच होतं आणि मला अजिबात आठवत नव्हतं! सोन्या, म्हणजे घरच्यांसाठी शरीर विकावं लागणारी ती मुलगी, त्याला बायबलमधली मेलेल्या लाझरसच्या पुन्हा जिवंत होण्याची कथा वाचून दाखवते ते पुस्तक लिझावेतानं आणून दिलेलं. सोन्याच्या गळ्यात येणारा तांब्याचा क्रूस लिझावेताचा. आणि तो सोन्यासमोर कबूल होतो त्या क्षणी त्याला सोन्याच्या चेहऱ्यात लिझावेताचा चेहरा दिसतो, कुऱ्हाड बघून मागं सरकणारा. तिथं वाचणारा इतका हळू बोललाय की मी हेडफोन हातानं दाबून ऐकत होते.

खुनाचा तपास करणाऱ्या पोर्फिरीचे भाग ऐकायला सगळ्यात छान, त्याच्याकडं पुरावा काही नाही, नुसता गप्पा मारत, हसत, विषय बदलत तो फेऱ्या घालतो आणि शेवटी सांगून टाकतो की तू पळणार नाहीस. सोन्याच्या दारुड्या बापाचं, मार्मेलादोव्हचं, दारूच्या गुत्त्यातलं लांबलचक बोलणं मात्र एकसुरी झालंय. रास्कोल्निकोव्हच्या बहिणीशी लग्न ठरलेल्या लुझिनबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही.

अर्धा स्टार कापला तो मांडणीसाठी. सहा भाग आणि उपसंहार अशी कादंबरीची रचना, पण रेकॉर्डिंगमध्ये नुसते ट्रॅक नंबर टाकलेत, कुठला भाग कुठलं प्रकरण कळायला मार्ग नाही, एकदा झोप लागली की जागा शोधताना जीव जातो. सुरुवातीला पात्रांची नावं कागदावर लिहून ठेवा. आणि कृपा करून दीडपट स्पीडनं ऐकू नका, या गोष्टीत थांबणंच महत्त्वाचं आहे.

उपसंहार अनेकांना चिकटवल्यासारखा वाटतो, मला नाही वाटला. आठ वर्षांची सक्तमजुरी, सायबेरिया, आणि तिथं जाऊनही बराच काळ त्याला आपलं चुकलं असं वाटतच नाही, वाईट वाटतं ते कबूल झाल्याचं. लेखक स्वतः ओम्स्कला चार वर्षं कैदेत होता, त्यामुळं बाकीचे कैदी रास्कोल्निकोव्हकडं कसे तिरस्कारानं बघतात हे फार खरं उतरलंय. शेवटच्या ट्रॅकमध्ये त्याच्या उशीखाली एक पुस्तक असतं. सोन्यानं लाझरस वाचला होता तेच, म्हणजे लिझावेताचं. अजून उघडलेलं नाही.