अमिफॉस्टिन: उंदरांत अव्वल, अपघातात बिनकामाचं

नुसत्या आकड्यावर जायचं ठरवलं, तर किरणोत्साराच्या इजेपासून बचाव करणाऱ्या औषधांत अमिफॉस्टिनच्या आसपास फारसं कोणी फिरकत नाही. अस्थिमज्जा निकामी होऊन येणाऱ्या मृत्यूविरुद्ध उंदरांत त्याचा डोस रिडक्शन फॅक्टर, म्हणजे डीआरएफ, २.७ च्या घरात जातो. किरणांच्या ज्या माऱ्याने ३० दिवसांत निम्मे उंदीर मरतात, त्याच्या २.७ पट मारा दिला तेव्हा कुठे औषध घेतलेले निम्मे मरतात. ८ ग्रेच्या (ग्रे हे शरीरात शोषलेल्या किरणांचं माप) जागी साडेएकवीस ग्रे! या क्षेत्रात १.३ आला तरी लोक खूश होतात. पण हा आकडा कुठल्या अटींवर मिळतो, हे पाहिल्याशिवाय आपत्कालीन साठ्यात हे औषध भरू नये.

पहिली अट वेळेची, आणि खरं तर तिथेच निकाल लागतो. सिस्टीन हे अमिनो आम्ल क्ष-किरणांआधी दिलं तर प्राणी वाचतात आणि नंतर दिलं तर नाही, हे १९४९ सालीच दिसलं होतं. पुढे अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेने चार हजारांवर संयुगं चाळून काढली. त्यातलं डब्ल्यूआर-२७२१ म्हणजेच हे अमिफॉस्टिन. मूळ रेणू स्वतः काही करत नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरचं अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर त्याचा फॉस्फेट तोडतं, मग डब्ल्यूआर-१०६५ हा मोकळा थायॉल, म्हणजे गंधक-हायड्रोजनचा गट असलेला रेणू, पेशीत शिरतो. किरणांनी तयार झालेले फ्री रॅडिकल, म्हणजे अतिक्रियाशील कण, तो टिपतो आणि डीएनएच्या तुटक्या जागी हायड्रोजन देऊन ती सांधतो. तिथे ऑक्सिजन आधी पोचला तर नुकसान पक्कं होतं. ही शर्यत सेकंदाच्या एक हजाराव्या भागाच्या आत संपते. म्हणून औषध आधीच पेशीत हवं; पाच मिनिटं उशिरा दिलं काय आणि पाच दिवस उशिरा दिलं काय, सारखंच. मेंदूला तर वेळेत देऊनही उपयोग नाही, कारण ते रक्त-मेंदू अडथळा ओलांडत नाही. आतड्याचा डीआरएफ दोनच्या आतच राहतो, आणि न्यूट्रॉनसारख्या दाट आयनीकरण करणाऱ्या किरणांपुढे हा बचाव आणखी तोकडा पडतो.

प्रयोगशाळेतली वस्तू म्हणून मात्र औषध चोख आहे. तुलनेसाठी ठेवायचा प्रमाण नमुना म्हणून याच्याइतका भरवशाचा दुसरा नाही, फक्त हाताळणी नीट हवी. द्रावण ताजं करावं. सकाळी करून दिवसभर वापरलेलं द्रावण आकडा खाली ओढतं. पोटात इंजेक्शन किरणांच्या साधारण अर्धा तास आधी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे वीस उंदरांना एकामागून एक टोचून मग सगळे एकत्र यंत्राखाली ठेवणं. पहिल्याला तोवर पन्नास मिनिटं झालेली असतात, शेवटच्याला दहा. एका वेळी जेवढे उंदीर किरणांखाली मावतात तेवढेच टोचावेत. दुसरं, मोठ्या डोसला उंदरांचं अंग गार पडतं. रक्तदाब उतरतो, ऊतींना ऑक्सिजन कमी मिळतो आणि त्यानेही थोडा बचाव होतो, जो औषधाच्या रसायनाच्या खात्यावर चुकून जमा होतो. म्हणून शरीराचं तापमान मोजून ठेवावं.

बाकी मृत्यूचा आलेख इतका उभा असतो की अर्ध्या-एक ग्रेने गटाचं नशीब पालटतं. डोसमितीत ५ टक्के चूक म्हणजे ८ ग्रेवर ०.४ ग्रे. सी५७बीएल/६ वंशाचे उंदीर बाल्ब/सीपेक्षा जास्त मारा सोसतात, तेव्हा एका वंशाचा कंट्रोल, म्हणजे औषध न दिलेला तुलनेचा गट, दुसऱ्याला चालत नाही. पिण्याच्या पाण्यात स्यूडोमोनास असेल तर उंदीर किरणांनी नव्हे, जंतुसंसर्गाने लवकर मरतात आणि सगळा प्रयोग वाया जातो.

आता माणसाकडे येऊ. उंदरातला मिग्रॅ प्रतिकिलोचा डोस तीनने गुणला की शरीराच्या पृष्ठभागानुसारचा डोस येतो. उंदरातल्या ४०० मिग्रॅ प्रतिकिलोचे झाले दर चौरस मीटरला १२०० मिग्रॅ. रुग्णालयात सिस्प्लॅटिन या कर्करोगावरच्या औषधाआधी देतात तो डोस ९१०. म्हणजे उंदरातला झळाळता आकडा माणसाला झेपणाऱ्या डोसच्या पलीकडचा आहे. रोजच्या किरणोपचाराआधी लाळग्रंथींसाठी देतात ते तर फक्त २००.

९१० चा डोस देताना काय होतं ते पाहा. ५०० मिग्रॅच्या कुपीत ९.७ मिली सलाईन घालायचं. १.७ चौरस मीटरच्या माणसाला १५४७ मिग्रॅ लागतात, म्हणजे तीन कुप्या संपवून ४७ मिग्रॅसाठी चौथी फोडायची. तयार द्रावण खोलीच्या तापमानाला ५ तास, फ्रीजमध्ये २४ तास टिकतं. रक्तदाबाच्या गोळ्या २४ तास आधी बंद. रुग्ण उताणा झोपलेला, शिरेतून १५ मिनिटं औषध चालू, दर ५ मिनिटांनी रक्तदाब. वरचा आकडा मुळात १२० ते १३९ मध्ये असेल आणि ३० ने उतरला तर थांबवायचं. ५ मिनिटांत सावरला तरच पुन्हा सुरू. सोबत उलटीची औषधं आधीच दिलेली, कारण ती होतेच. रक्तातलं कॅल्शियम उतरतं, क्वचित त्वचेची जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येते. किरणोत्साराच्या गळतीच्या जागी धावणाऱ्या बचाव कर्मचाऱ्याला यातलं काय जमणार? प्लाझ्मातलं अर्धायुष्य दहा मिनिटांच्या आत आहे, आणि तोंडाने घेण्यासारखं ते नाही.

त्यामुळे साठा करायचाच तर मारा झाल्यानंतर चालणारी औषधं बघावीत. त्यांचे आकडे दिसायला साधे आहेत. माणसांवर मुद्दाम मारा करून चाचणी घेता येत नाही, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ पासून प्राण्यांवरच्या पुराव्यावर मंजुरीची वाट ठेवली. त्या वाटेने २०१५ मध्ये फिलग्रास्टिम आणि पेगफिलग्रास्टिम, २०१८ मध्ये सारग्रामोस्टिम, २०२१ मध्ये रोमिप्लोस्टिम आलं. रीसस माकडांना ७.४ ग्रे देऊन एका दिवसाने फिलग्रास्टिम सुरू केलं, तेव्हा ६० दिवसांतले मृत्यू ५९ टक्क्यांवरून २१ वर आले. सारग्रामोस्टिम तर ४८ तासांनी सुरू करूनही उपयोगी पडलं.

त्यातही निवड आहे. फिलग्रास्टिम रोज टोचावं लागतं, १० मायक्रोग्रॅम प्रतिकिलो. शेकडो रुग्ण असतील तर परिचारिका पुरणार नाहीत. पेगफिलग्रास्टिमच्या आठवड्याच्या अंतराने दोनच सुया पुरतात. पण या श्वेतपेशी वाढवणाऱ्या औषधांनी प्लेटलेट वर येतीलच असं नाही. प्लेटलेटसाठी रोमिप्लोस्टिम, एकच सुई. सगळी फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची, गोठवायची नाहीत, फिलग्रास्टिमची कुपी हलवायचीही नाही. आणि चारही अस्थिमज्जेपुरतीच मंजूर आहेत. मारा इतका मोठा असेल की पहिल्या आठवड्यातच आतड्याचं अस्तर गळून पडेल, तर तिथे त्यांचा भरवसा धरू नये.