हेल्थ-पीईची मास्टर्स : शिकवणी चांगली, आवाज अस्पष्ट

‘आवाज स्पष्ट नसल्यामुळे व्हिडिओ परत पाठवत आहोत’ असा ईमेल काल रात्री पुन्हा आला आणि ठरवलं, आता या मास्टर्सबद्दल लिहायचंच. अमेरिकेतल्या शाळांत हेल्थ (आरोग्य) आणि फिजिकल एज्युकेशन (पीई, म्हणजे शारीरिक शिक्षण) शिकवायचं लायसन्स मिळवून देणारी ही पदवी. कॉलेज ख्रिश्चन, लहानसं. क्रेडिट ३६, थिअरीचे वर्ग संध्याकाळी ऑनलाइन, प्रॅक्टिकम, म्हणजे शिकवण्याचा सराव, शाळेत, शेवटचं सेमिस्टर स्टुडंट टीचिंगचं, म्हणजे दिवसभर शाळेत शिकवण्याचं. नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही. प्रवेशाच्या अटी, बोटांचे ठसे, शिफारसपत्रं वगैरे कुठल्याही कॉलेजच्या माहितीपत्रकात सापडेल. तिथे जे सापडत नाही तेवढंच सांगते.

आधी आवाजाचं घेते, माझा सगळ्यात जास्त जीव त्यानेच खाल्लाय. प्रॅक्टिकमच्या प्रत्येक टप्प्यावर वर्ग घेतानाचा व्हिडिओ द्यावा लागतो. सलग, काटछाट न केलेला, शिक्षकाचं बोलणं आणि मुलांची उत्तरं दोन्ही ऐकू येतील असा. गणितवाल्यांना काय त्रास? मुलं बसलेली, शिक्षक फळ्यापाशी, फोन टेबलावर. जिममध्ये मात्र बास्केटबॉलचं कोर्ट ८४ फूट लांब आणि ५० फूट रुंद. सगळी मुलं दिसायला हवीत म्हणून फोन एका कोपऱ्यात आणि मी दुसऱ्या टोकाला. मधे लाकडी जमीन, भोवती सिमेंटच्या उघड्या भिंती, वर पत्रा, आणि प्रत्येक मुलाच्या हातात आपटायला एक चेंडू. प्रत्येकाला स्वतंत्र चेंडू हवा, हेही याच कॉलेजने शिकवलेलं. चेंडू कमी केले की आवाज स्वच्छ येतो, पण मग मुलं रांगेत उभी राहतात आणि त्याचे मार्क जातात. म्हणजे चांगला वर्ग घेतला तर व्हिडिओ नापास आणि चांगला व्हिडिओ काढला तर वर्ग नापास.

हे प्रकरण आलं एडटीपीएमधून. स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेलं आणि पिअर्सन कंपनीमार्फत चालणारं, शिक्षक होऊ पाहणाऱ्यांचं हे मूल्यमापन, फी ३०० डॉलर. जॉर्जिया, वॉशिंग्टन, न्यू जर्सी, न्यू यॉर्क या राज्यांनी लायसन्ससाठीची त्याची सक्ती नंतर काढून टाकली. आमच्याकडेही ते द्यावं लागत नाही. ३०० डॉलर वाचले म्हणून मी खूश होते. पण कॉलेजने फी तेवढी सोडली आणि व्हिडिओच्या अटी ठेवून घेतल्या. एडटीपीएच्या नियमांत निदान एक सोय होती : जिथे ऐकू येत नाही तिथलं बोलणं वेळेसकट लिहून जोडता येई. आमच्या हँडबुकातही ती सोय छापलेली आहे. व्हिडिओ चढवण्याच्या पोर्टलमध्ये ती फाइल जोडायला जागा मात्र नाही! हेल्प डेस्कला लिहिलं की दर वेळी नवा माणूस उत्तर देतो, ‘कृपया ऑडिओ लेव्हल तपासा’ एवढंच सांगतो, आणि खाली ‘हॅव अ ब्लेस्ड डे’. माझी तक्रार न सोडवताच बंद करणाऱ्यानेही तेच लिहिलं होतं.

शेवटी सल्ला मिळाला की कॉलरला लावायचा वायरलेस माइक घे. का घेऊ? दर सेमिस्टरला ‘टेक्नॉलॉजी फी’ भरते ती कशाची? कॉलेजच्या मीडिया रूममध्ये तसे माइक पडून आहेत, पण ते कॅम्पसबाहेर नेता येत नाहीत, आणि माझी शाळा कॅम्पसच्या बाहेर असणार हे तर उघडच आहे.

हा राग बाजूला ठेवून अभ्यासाकडे वळते, कारण तिथे तक्रारीला फारशी जागा नाही. पहिल्याच सेमिस्टरला निरीक्षण शिकवलं. सोफिट नावाची पद्धत आहे, १९९१ साली प्रसिद्ध झालेली. एकेका मुलाकडे ठरावीक सेकंद बघायचं आणि नोंदवायचं : आडवा, बसलेला, उभा, चालतोय की जोरात हलतोय. सोबत वर्गात त्या क्षणी काय चाललंय तेही : सूचना, कौशल्याचा सराव, खेळ, की नुसती आवराआवर. तासाचा निम्मा वेळ तरी मुलं मध्यम ते जोरदार हालचालीत असावीत असा या क्षेत्रातला मान्य निकष आहे. तो ऐकताना अगदीच सोपा वाटतो. मग एखाद्या अनुभवी शिक्षकाच्या, मुलांना अतिशय आवडणाऱ्या तासाला जाऊन नोंदी करा. हजेरी, बिब (संघ ओळखायच्या रंगीत बंड्या) वाटणं, संघ पाडणं, नियम सांगणं, शिट्टी, पुन्हा नियम. किकबॉलमध्ये, म्हणजे लाथेने खेळायच्या बेसबॉलमध्ये, एक लाथ मारतो, दोघे-तिघे धावतात आणि बाकीचा वर्ग उभा. त्यानंतर मला कुठल्याही मैदानावर खेळ दिसेनासा झाला, फक्त उभी असलेली मुलं दिसतात. शेप अमेरिका ही पीई शिक्षकांची राष्ट्रीय संघटना प्राथमिकला आठवड्याला १५० आणि पुढच्या वर्गांना २२५ मिनिटं पीई असावं असं सांगते. बहुतेक शाळांत त्याहून कमीच मिळतं, आणि त्यातही रांग.

आता ख्रिश्चन कॉलेजचं. सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. मी ख्रिश्चन नाही. प्रवेशाआधी स्पष्ट विचारून घेतलं होतं : श्रद्धेच्या जाहीरनाम्यावर सही प्राध्यापकांना करावी लागते, मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना नाही. चॅपलची, म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनासभेची, हजेरी पदवीच्या मुलांना आहे, आम्हाला नाही. हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, तेव्हा लेखी उत्तर घ्या. वर्गाची सुरुवात छोट्या प्रार्थनेने होते, आणि प्रत्येक विषयात एक निबंध असा लिहावा लागतो की तुमची श्रद्धा आणि हा विषय यांचा संबंध काय. पहिला निबंध मी चिडून, कोरड्या भाषेत लिहिला. प्राध्यापकांनी शेरा दिला, ‘आमचं ऐकवू नका, तुमचं लिहा.’ नंतरच्या वर्गात त्यांनीच पौलाच्या पत्रांतल्या दोन जागा समोर ठेवल्या. एकीकडे शरीराला मंदिर म्हटलंय आणि दुसरीकडे शरीराच्या व्यायामाचा उपयोग थोडकाच असल्याचं सांगितलंय. पीईच्या विभागाने या दुसऱ्या वाक्याचं काय करायचं, यावर तास रंगला. सरकारी विद्यापीठात हा वाद ऐकायला मिळाला नसता.

इतिहासाचा विषय तर तिथे घरचाच. बास्केटबॉल काढणारा जेम्स नाइस्मिथ माँट्रियलला धर्मशास्त्र शिकून आलेला. १८९१च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डला वायएमसीए या ख्रिश्चन संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत त्याच्याकडे हिवाळ्यातल्या कवायतींना कंटाळलेला एक वर्ग आला. तिथला शारीरिक शिक्षणाचा प्रमुख ल्यूथर ग्यूलिक याने त्याला घरात खेळता येईल असा खेळ दोन आठवड्यांत शोधायला सांगितला. पीचच्या टोपल्या आणि १३ नियम ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला त्यातलं एवढंच भावलं की वर्गात १८ जण होते आणि पहिला सामना नऊ विरुद्ध नऊ असा झाला. बाकावर कोणीच नाही. आजच्या पाच जणांच्या संघावर वर्ग चालवणाऱ्या शिक्षकांना हे कोणीतरी सांगायला हवं.

फिटनेस टेस्टवर आमच्या तुकडीत दोन तट आहेत. १९६६पासून राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा पुरस्कार वरच्या १५ टक्के मुलांना मिळायचा. २०१२-१३च्या सुमारास ती टेस्ट जाऊन फिटनेसग्राम आलं, ज्यात मुलाची तुलना दुसऱ्या मुलाशी न करता आरोग्याच्या पातळीशी होते. २०२५च्या जुलैमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने जुनी टेस्ट परत आणायचं ठरलं. माझं मत दोन्हींबद्दल बरं नाही. पुलअपच्या बारखाली रांग लागते, आणि पेसरमध्ये, म्हणजे बीपच्या तालावर २० मीटर पळण्यात, ज्याला पळण्याची सर्वात जास्त गरज तोच सगळ्यात आधी बाहेर बसतो. त्या बीपचा आवाज मात्र माझ्या प्रत्येक व्हिडिओत लखलखीत येतो.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. मधे बरंच घडलं, त्यामुळे वरचं काही बदलायला हवं. खोडत नाही, खाली जोडते.

माइक घेतला. जुना, शाळेतल्या संगीताच्या शिक्षिकेकडून, कमी किमतीत. रिसीव्हर फोनला जोडला, कॉलरला क्लिप लावली, व्हिडिओ एका फटक्यात पास. पण सांगायचं ते वेगळंच. घरी तो व्हिडिओ ऐकताना, लेअपच्या, म्हणजे धावत जाऊन बास्केटजवळून चेंडू टाकण्याच्या, सरावात मी एका रांगेजवळून जाते तेव्हा, एक मुलगा मागच्याला म्हणताना ऐकू येतो, ‘तू जा आधी.’ थोड्या वेळाने पुन्हा तेच, दुसऱ्याला. मग मी जुने, अस्पष्ट आवाजाचे व्हिडिओ काढून बघितले. प्रत्येकात तो मुलगा रांगेत शहाण्यासारखा उभा आहे, पुढे सरकतोय, हसतोय, आणि चेंडू हातात यायच्या वेळेला अलगद मागे जातोय. या विषयात अशा मुलाला ‘कॉम्पिटंट बायस्टँडर’ म्हणतात, म्हणजे खेळात असल्यासारखा दिसण्यात तरबेज. परीक्षेसाठी व्याख्या पाठ केली होती. सोफिटच्या नोंदीत तो ‘उभा’ किंवा ‘चालतोय’ एवढाच लागतो, बाकीच्यांसारखा. ऐकू आलं म्हणून सापडला. पुढच्या तासापासून त्या सरावातली रांगच काढली, तिघांचे गट केले. तो अजून पास देतो आणि शॉट टाळतो, पण चेंडू त्याच्या हातातून जातो.

तेव्हा आवाजाच्या अटीबद्दल माझं मत बदललंय. अट बरोबर आहे. ती पुरी करायला लागणारी वस्तू कॉलेजने स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवली, याबद्दल मत होतं तेच आहे. पोर्टलमध्ये ती फाइल जोडायची जागाही अजून आलेली नाही. मी सुपरवायझरना सगळा पत्रव्यवहार पाठवला. त्यांनी विभागप्रमुखांकडे नेला. पुढच्या तुकडीला माइक बाहेर नेऊ देण्याचा विचार चालू आहे असं कळतं.

हेल्थच्या बाजूबद्दल थोडक्यात. वर्ग चांगले, पण पीईच्या मानाने पातळ. लैंगिक शिक्षणाच्या तासाला राज्याचा कायदा, शाळेचं धोरण आणि कॉलेजची भूमिका या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या मांडल्या, आणि सरकारी शाळेत नोकरी केली तर पहिल्या दोन पाळायच्या हे स्पष्ट सांगितलं. माझी भीती याहून मोठी होती. पुस्तकांचं मात्र हसू आलं. पीईची राष्ट्रीय मानकं २०२४ साली बदलली, पाचाची चार झाली. आमचा लेसन प्लॅनचा साचा आणि यादीतलं महागडं पुस्तक दोन्ही पाचावरच अडलेले. पुस्तक विकत घेऊ नका, ग्रंथालयातून आणा. प्रॅक्सिस या लायसन्सच्या परीक्षेच्या हेल्थ-पीई पेपरात १३० प्रश्न १३० मिनिटांत सोडवायचे असतात. हेल्थकडे दुर्लक्ष केलेले तिथे अडकतात.

आता पैशांचं, जे मला कोणी आधी सांगितलं नाही. स्टुडंट टीचिंगचं सेमिस्टर म्हणजे दिवसभर शाळेत, पगार नाही, आणि त्या क्रेडिटची फी आपणच भरायची. मी शाळेत मदतनीस म्हणून नोकरी करत होते, ती त्या काळापुरती सोडावी लागली. काही कॉलेजं नोकरीच्याच शाळेत स्टुडंट टीचिंग करू देतात, हे मला नंतर कळलं. टीच ग्रँट या केंद्र सरकारच्या अनुदानाचा उल्लेख प्रवेशाच्या बैठकीत मोठ्या उत्साहाने होतो. तिची अट नीट वाचा : आठ वर्षांत चार वर्षं, कमी उत्पन्नाच्या वस्तीतल्या शाळेत, शिक्षकांची टंचाई असलेल्या विषयात पूर्णवेळ शिकवायचं. नाहीतर तिचं कर्ज होतं आणि व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. पीई हा देशपातळीवरच्या टंचाई-यादीत ठरलेला विषय नाही. तुमच्या राज्याच्या यादीत त्या वर्षी आहे का ते स्वतः बघा. मी बघितलं आणि ग्रँट घेतली नाही.

नुसतं कोचिंग करायचं असेल तर ही पदवी घेऊ नका. आमच्या तुकडीतले दोघे फुटबॉल कोच याच समजुतीने आले होते. एक पहिल्या सेमिस्टरनंतर सोडून गेला. दुसरा अजून आहे, आणि सरावाला स्टॉपवॉच घेऊन कोण किती वेळ बाजूला उभं आहे ते मोजतो, म्हणून त्याचे सहायक कोच वैतागलेत.