वेबक्वेस्ट: आठवीच्या वर्गासाठी कितपत कामाचं?

मुलांना नुसतं ‘पंचगंगेच्या पुराची माहिती शोधा’ म्हटलं की पहिल्या दुव्यावरचा मजकूर चुकांसकट वहीत उतरतो. वेबक्वेस्टमध्ये दुवे शिक्षकच निवडून देतात; मुलांनी त्या माहितीवरून काहीतरी ठरवायचं असतं. अमेरिकेतल्या सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाच्या बर्नी डॉज यांनी १९९५ मध्ये मांडलेली ही पद्धत आमच्या मते उत्तम, पण सगळी मदार कामाच्या मांडणीवर.

‘पूर का येतो?’ हे काम नव्हे. ‘कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे चाललंय. शाहूपुरी कुंभार गल्लीतल्या कुटुंबानं कधी हलावं?’ हे काम. चौघांचा गट करावा: एकाकडे पाऊस, दुसऱ्याकडे राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे, तिसऱ्याकडे २०१९ च्या पुराच्या बातम्या, चौथ्याकडे नकाशा. पाच-सहा दुवे पुरेत. वीस दिले तर कुणी एकही धड वाचत नाही.

वेबक्वेस्टचं पान गुगल साइट्सवर फुकटात बनतं. मात्र ते सर्वांसाठी खुलं केलं नाही तर मुलांना परवानगी मागणारी पाटी दिसते आणि निम्मा तास तिथंच जातो. दुवे आदल्या दिवशी तपासावेत, जुन्या बातम्यांचे हमखास बंद पडलेले असतात. नेट रडत असेल तर पीडीएफ उतरवून ठेवावी.

सोपे मराठी दुवे कमी सापडतात, ही मोठी अडचण. धरणाची आकडेवारी शिक्षकांनीच सोप्या शब्दांत लिहून पानावर टाकावी. गुणांचा तक्ता सुरुवातीलाच द्यावा; निम्मे गुण निर्णयामागच्या कारणांना, सजावटीला जेमतेम. एका तासात हे उरकत नाही, चार धरा.