जुन्या बाजारातली विलायती कुऱ्हाड: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या रविवारी पातं दांड्यातून निसटलं ते थेट शेजारच्या काकांच्या हौदात. हौदावर कपडे धुवायला नेमकं कुणी नव्हतं म्हणून बरं. तोपर्यंत मी या कुऱ्हाडीचं कौतुक लिहायला घेतलं होतं, अर्धं लिहूनही झालं होतं. ते तसंच ठेवलंय, फक्त आता पुढचं वाचा.

जूनमध्ये पुण्याच्या जुन्या बाजारात घेतली. नुसतं पातं, दांडा नाही. वाण्याच्या काट्यावर १ किलो ५४० ग्रॅम. गंजाखाली इंग्रजीत 'कास्ट स्टील' एवढं वाचता येत होतं, वरचं कारखान्याचं नाव पार झिजलेलं. विकणारे मामा पाचशे म्हणाले. मी त्या अक्षरांवर बोट ठेवलं, "मामा, हे ओतीव आहे, बिडाचं. गाठीवर बसली की तुकडे." साडेतीनशेला सुटली.

घरी येऊन जरा वाचलं आणि लाज वाटली. या शिक्क्याचा बिडाशी काही संबंध नाही. १७४० च्या दशकात इंग्लंडात शेफील्डकडे बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवून त्याच्या लगडी पाडायची पद्धत बसवली. घड्याळाच्या स्प्रिंगांना एकजीव पोलाद हवं होतं म्हणून. त्या लगडी पुढे ठोकूनच हत्यारं व्हायची, 'कास्ट' फक्त लगडीपुरतं. म्हणजे हा शिक्का चांगल्या मालाची जाहिरात होती, आणि मी तोच दाखवून दीडशे रुपये पाडले. (मुशीतलं पोलाद आपल्याकडे दक्षिणेत त्याच्या कितीतरी शतकं आधी होत होतं, पण त्यावर शिक्का मारायचं कुणाला सुचलं नाही.) पुढे स्वस्त पोलाद आलं तसा हा शिक्काही मागे पडला, त्यामुळे माझं पातं बहुधा शंभरीच्या पुढचं आहे. याहून नेमकं साल नाव वाचता आल्याशिवाय कुणी सांगत असेल तर तो विकायला बसलेला आहे असं समजावं.

मग तपासण्या. सुतळीला टांगून टिचकी मारली, आवाज घंटीसारखा खणखणीत. बद्द आला असता तर कुठेतरी चीर. एक रात्र व्हिनेगरमध्ये बुडवलं. सकाळी गंज तर सुटलाच, पण धारेकडचा पट्टा काळपट आणि मागचं अंग फिकट, मध्ये स्पष्ट रेघ. आपला लोहार मऊ लोखंडाला धारेपुरतं पोलाद भरतो, तीच रीत. रेघेपासून धारेपर्यंत जेवढं उरलंय तेवढंच कुऱ्हाडीचं आयुष्य. माझ्यात मध्यावर दोन बोटं आहे, हातापासून लांबच्या कोपऱ्याला जेमतेम एक. तो कोपरा नेहमीच आधी झिजतो, कारण घाव चुकला की मातीत तोच जातो.

कानस मध्यावर नुसती घसरली, म्हणजे पाणी (धारेला दिलेला कडकपणा) शाबूत. कोपऱ्यावर मात्र लोखंड खाऊ लागली. कुणीतरी ग्राइंडर मारून तेवढं पाणी उतरवलेलं. बाजारात चकाचक करून मांडलेली पाती असतात, त्यांच्या धारेवर निळसर झाक दिसली तर हात लावू नका. पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं की तो रंग येतो, मग धार टिकत नाही. माझ्या गंजक्या पात्यापेक्षा ती महाग होती.

एवढं सगळं बघितलं आणि नेढं, म्हणजे दांडा बसतो ते भोक, बघितलं नाही.

दांडा बसवायला पुण्यातल्याच एका हार्डवेअर दुकानात दिलं. निलगिरीचा तयार दांडा, बसवण्यासकट २२० रुपये. त्या गृहस्थाने लाकडी पाचर न मारता वरून दोन खिळे ठोकले. आठवड्यात पातं हलायला लागलं. परत गेलो तर म्हणे, "रात्रभर पाण्यात ठेवा, फुगून घट्ट बसतं." ठेवलं. खरंच बसलं! पावसाळाभर भोरच्या शेतावर बाभळीच्या फांद्या, वाळका आंबा, काय वाटेल ते तोडलं, तसूभर हललं नाही. तेव्हाच ते कौतुक लिहायला घेतलं होतं.

जानेवारीत हवा कोरडी झाली आणि खेळ उघडा पडला. फुगलेलं लाकूड नेढ्याच्या भिंतीवर चेपतं, सुकल्यावर पहिल्यापेक्षाही बारीक होतं. पुन्हा दुकानात गेलो. "लाकडाची गॅरंटी नसते," म्हणाले. खिळ्यांची तरी असते का विचारलं, तर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

हौदातून पातं काढून गावातल्या लोहारदादांकडे नेलं. त्यांनी धारेकडे बघितलंसुद्धा नाही. नेढं उन्हाकडे धरून आत बघितलं आणि मला धरायला दिलं. तोंडाशी अरुंद, पोटात रुंद. माथा, म्हणजे धारेच्या उलटची बाजू, भाकरीच्या काठासारखा पसरलेला मला आधीही दिसत होता, पण मी त्याला म्हातारपण समजलो. कुणीतरी वर्षानुवर्षं त्यावर घणाचे घाव घालून ओंडके फोडले होते, त्याने नेढ्याच्या भिंती फुगल्या. असल्या नेढ्यात दांडा फक्त दोन कडांना टेकतो, मध्ये पोकळी.

"दादा, ही कुऱ्हाड चांगलीय," ते म्हणाले, "पर हिला पाचर म्हणून वापरलीय कुनीतरी."

धार पाण्याच्या घमेल्यात बुडवून त्यांनी फक्त माथा तापवला, आत खुंटा घालून भिंती सरळ केल्या, पसरलेली कड छाटली. शंभर रुपये. सुताराकडून धामणीच्या लाकडाचा दांडा, दीडशे, रेषा उभ्या बघून घेतलेला. वरून एकच लाकडी पाचर, आणि पाण्याऐवजी जवसाचं तेल. एकूण खर्च ८२० झाला, हे घरी सांगितलेलं नाही. एवढ्यात नवी कुऱ्हाड आली असती, असं कुणी म्हणेल. आली असती.

पात्याला साडेचार तारे, अर्धा त्या कोपऱ्यासाठी कापला. दुकानाला शून्य. ते दोन वाकडे खिळे डबीत ठेवलेत, येत्या बुधवारी त्यांच्या काउंटरवर ठेवून मग बाजारात मामांकडे जाईन.